मुका मार आणि पक्कं अंग

पेणहून नागोठण्याच्या दिशेने निघालं की कासूच्या आसपास भाताची खाचरं लागतात. कापणी आटोपून ती मोकळी झाली की इथल्या पोरांचा हंगाम सुरू होतो. मैदानं आखली जातात, दिव्यांचे खांब उभे राहतात आणि पावसाळा तोंडावर येईपर्यंत आज या गावात तर उद्या त्या गावात रात्रीचे कबड्डीचे सामने चालतात. यांच्यातलीच काही मुलंमुली पेण, रोहा किंवा पनवेलला कराटे, तायक्वांदो, किकबॉक्सिंग शिकायला जातात. कबड्डीला कोणी मार्शल आर्ट म्हणत नाही, पण मांडी, नडगी, बरगडी आणि खांद्याला बसणारा मार तोच असतो. दोन्हीकडची मुलं विचारतात तेही तेच: अंग मारासाठी पक्कं कसं करायचं, आणि मुका मार लागला तर लवकर उभं कसं राहायचं?

हे दोन प्रश्न वेगळे धरले जातात, तिथेच घोटाळा होतो. हाड, स्नायू आणि कातडी पक्की होतात ती एका मारापासून दुसऱ्या मारापर्यंतच्या दिवसांत. तेवढे दिवस मिळाले तर शरीर बसलेल्या ताणाला उत्तर म्हणून स्वतःला थोडं जाड, थोडं घट्ट करून घेतं. ते मिळाले नाहीत, तर तोच मार साठत जातो आणि एके रात्री साध्या धडकेत पोरगं खाली बसतं ते हंगामभर उठत नाही. म्हणून आधी बरं होण्याबद्दल सांगतो, पक्कं होण्याबद्दल नंतर.

आत काय होतं

मुका मार म्हणजे कातडी न फाटता आत झालेली जखम. चढाई करताना कोपरारक्षकाचा गुडघा मांडीवर बसला, की तो गुडघा आणि आतलं हाड यांच्यामध्ये स्नायू चेंगरतो. बारीक रक्तवाहिन्या फुटतात आणि रक्त आतल्या आत पसरतं. सुरुवातीला जागा लालसर दिसते, एक-दोन दिवसांत काळीनिळी होते, पाच-सात दिवसांच्या सुमारास हिरवट, मग पिवळी पडते आणि साधारण दोन आठवड्यांत डाग जातो. सांडलेल्या रक्तातलं हिमोग्लोबिन शरीर टप्प्याटप्प्याने मोडून उचलून नेत असतं, त्याचे हे रंग. शेवटचा पिवळा रंग ज्या बिलिरुबिनचा, तेच काविळीत डोळे पिवळे करतं. सावळ्या अंगावर हे रंग नीट दिसत नाहीत, त्यामुळे उन्हात राबणाऱ्या आपल्या मुलांच्या बाबतीत डोळ्यांपेक्षा बोटांवर भरवसा ठेवावा. जागा गरम आहे का, दगडासारखी घट्ट लागते का, दुसऱ्या पायापेक्षा फुगली आहे का, हे चाचपून बघावं.

एका गोष्टीने घरचे फार घाबरतात. मार मांडीला लागलेला असतो आणि तीन दिवसांनी गुडघ्याजवळ किंवा नडगीवर काळं उतरतं. नवी दुखापत झाली असं वाटतं, पण ते वरचंच रक्त वजनाने खाली सरकलेलं असतं. दुखणं कमी होत चाललं असेल तर त्यात काळजीचं काही नाही.

आणि उलट बाजू अशी की डाग फिका पडला म्हणजे स्नायू भरला असं नाही. कातडीचा रंग आणि आतल्या स्नायूची ताकद यांचं वेळापत्रक एक नसतं.

पहिले दोन दिवस

पहिली गोष्ट, बाहेर या. रक्त तापलेलं असतं, प्रेक्षक ओरडत असतात, गुण थोडे कमी पडत असतात आणि दुखणंही त्या वेळी जाणवत नाही. पण मांडीत रक्त सांडत असताना पुढच्या चार चढाया केल्या, तर जे पाच दिवसांत बरं झालं असतं ते तीन आठवडे खातं. हे मी जरा आग्रहाने सांगतो, कारण कर्णधार आणि मंडळाचे कार्यकर्ते इथेच पोराचं नुकसान करतात, आणि करतात ते प्रेमानेच.

बर्फ मिळाला तर लावावा. सामन्याच्या ठिकाणी सरबताच्या गाडीवर तो असतोच. फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, मग काढायचा, दोन-तीन तासांनी पुन्हा. उघडा बर्फ कातडीवर धरून बसू नये, कातडी जळते. बर्फाकडून अपेक्षा मात्र बेताची ठेवावी. विश्रांती, बर्फ, दाब आणि पाय उंच ठेवणं, ही चौकडी अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी १९७८ साली रूढ केली. त्यांनीच २०१४ मध्ये लिहिलं की बर्फाचा जास्त मारा भरून येण्याची क्रिया लांबवू शकतो. तेव्हा दुखणं सुसह्य करण्यापुरता बर्फ, तोही पहिल्या दिवसापुरता. त्याहून कामाची गोष्ट म्हणजे क्रेप बँडेज. बेताने घट्ट बांधावं आणि झोपताना पाय दोन उशांवर घ्यावा. बोटं मुंग्या आल्यासारखी, गार किंवा निळसर वाटली तर बँडेज लगेच सैल करावं.

मांडीच्या पुढच्या स्नायूला जोराची धडक बसली असेल तर एक उपाय फार उपयोगी पडतो आणि तो आपल्याकडे अजून पोहोचलेला नाही. गुडघा शक्य तितका वाकवून, टाच कुल्ल्याकडे आणून, बँडेजने तसाच बांधून ठेवायचा. अमेरिकेच्या नौदल अकादमीतल्या छात्रांवर हा प्रयोग झाला. त्यांचा गुडघा दुखापतीनंतर दहा मिनिटांच्या आत १२० अंशात वाकवून २४ तास बांधला होता, आणि ते सरासरी साडेतीन दिवसांत मैदानावर परतले. त्याचं कारण सरळ आहे. ताणलेल्या स्नायूत रक्त साठायला जागा कमी राहते, आणि स्नायू आखडलेल्या अवस्थेत भरून येत नाही. पहिल्या दिवशी गुडघा सरळ ठेवून झोपलेल्या मुलाला तिसऱ्या दिवशी तो वाकवता येत नाही, हे कोणत्याही संघात दिसेल. घरी करताना गुडघा सहन होईल तेवढाच वाकवावा आणि मधूनमधून बोटांचा रंग पाहावा. दुखणं वाढत गेलं तर लगेच सोडावं.

पहिल्या ४८ तासांत तीन गोष्टी वर्ज्य: गरम शेक, चोळणं आणि दारू. तिन्हींनी रक्त जास्त सांडतं. यातलं चोळणं सगळ्यात घातक, कारण ते मायेपोटी होतं. आई तेल कोमट करून आणते, मित्र अंगठ्याने गाठ फोडायला बसतो. मांडीत किंवा दंडात खोलवर साठलेलं रक्त असं रगडलं, पुन्हापुन्हा त्याच जागी मार बसला, तर काही जणांच्या स्नायूत चक्क हाड तयार होऊ लागतं. दोन-चार आठवड्यांनी तिथे कडक गोळा लागतो, गुडघा वाकेनासा होतो आणि एक्स-रेमध्ये पांढरा ढग दिसतो. ते विरायला महिनोन्‌महिने जातात.

तिसऱ्या दिवसापासून चित्र पालटतं. आता पडून राहणं चूक. दुखणार नाही इतपत चालावं, पाय सावकाश वाकवावा आणि ताणावा. कोमट शेक आता चालेल, वरवर हलक्या हाताने तेल लावायलाही हरकत नाही, दिशा हृदयाकडे. खोल मालिश मात्र दुखरेपणा पुरता जाईपर्यंत नको.

लेप, तेल आणि हाडवैद्य

आंबेहळद, तुरटी, रक्तचंदन, काळा बोळ सहाणेवर उगाळून घातलेला लेप आपल्या घराघरात आहे. निरगुडीचा पाला तर बांधाबांधावर मिळतो. मला हे उपाय टाकाऊ वाटत नाहीत. हळदीतल्या कर्क्युमिनचा सूज कमी करण्याचा गुण प्रयोगशाळेत दिसलेला आहे, पण कातडीतून ते फार थोडंच आत जातं. लेपाचा खरा फायदा दुसराच असावा: लेप घातलेला पाय माणूस हलवत नाही, उंच ठेवतो, रात्रभर जपतो. म्हणून लेप घाला, पण पहिल्या दोन दिवसांत गार घाला, आणि कातडी फुटलेली असेल तिथे मुळीच नको.

चिनी पद्धतीच्या वर्गांमधून काळपट द्रवाच्या बाटल्या आता ऑनलाइन मागवल्या जातात. दारूत मुरवलेल्या वनस्पतींचं हे औषध 'दित-दा-जाव' म्हणून ओळखलं जातं आणि हात दगडासारखे होतात अशी त्याची ख्याती आहे. त्यातल्या काही कृतींमध्ये बचनाग असतो, आणि बचनाग कातडीतूनही हृदयाला बाधू शकतो. घटक लिहिलेले नसलेली बाटली घरात आणू नये, कोणतीही असली तरी जखमेवर लावू नये, आणि लहान भावंडांच्या हाती लागेल अशी ठेवू नये.

हाडवैद्याबद्दल लोकांच्या श्रद्धा पक्क्या आहेत आणि मुरगळलेल्या पायाला हलका हात देणारे अनुभवी हात मीही पाहिले आहेत. तरीही सुजलेला घोटा, मनगट किंवा खांदा एक्स-रे होण्याआधी कोणालाही ओढू देऊ नये. हाडाला चीर असेल तर ओढण्याने ती सरकते. घोट्याच्या बाबतीत घरी लावता येईल अशी कसोटी आहे: बाहेरच्या किंवा आतल्या घोट्याच्या हाडाच्या मागच्या कडेवर दाबलं की कळ येते का, आणि त्या पायावर चार पावलं टाकता येतात का? कळ येत असेल किंवा चार पावलं जमत नसतील, तर आधी पेणच्या किंवा रोह्याच्या उपजिल्हा रुग्णालयात चित्र काढून घ्यावं.

दुखण्याच्या गोळ्यांचं थोडक्यात. पहिल्या दिवशी पॅरासिटामॉल पुरतं. ॲस्पिरिन नको, ती रक्त पातळ करते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक रिकाम्या पोटी आणि रोजच्या रोज खाऊन सामने खेळणं म्हणजे मूत्रपिंडाशी खेळ. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन महिन्यांत आपल्या भागात डेंगी असतो. ताप आहे, अंग मोडून आलंय, आणि मार न लागता अंगावर काळेनिळे डाग किंवा लाल ठिपके दिसतायत, तर पॅरासिटामॉलखेरीज कुठलीही वेदनाशामक गोळी न घेता रक्तातल्या प्लेटलेट तपासून घ्याव्यात. ताप नसतानाही उगाचच डाग उठत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तरी डॉक्टरांना दाखवावं.

हे दिसलं तर सकाळची वाट पाहू नका

पोटरी किंवा कोपराखालचा हात टणक झालाय, दुखणं माराच्या मानाने फारच जास्त आहे आणि तासागणिक वाढतंय, बोटं नुसती ताणली तरी जीव जातो, बधिरपणा येतोय: स्नायूच्या बंद कप्प्यात दाब वाढल्याची ही खूण. हातात काही तासच असतात. बँडेज सोडा, पाय हृदयाच्या पातळीला ठेवा आणि निघा.

पोटावर किंवा बरगडीखाली धडक बसल्यावर पोट कडक होणं, चक्कर येणं, डाव्या खांद्याच्या टोकाला कळ येणं, लघवी लाल होणं, यातलं काहीही दिसलं तर प्लीहा किंवा मूत्रपिंडाला इजा झाली असू शकते. ज्याला नुकताच मलेरिया होऊन गेलाय त्याची प्लीहा वाढलेली आणि नाजूक असते. त्याने डॉक्टरांनी पोट तपासून होकार दिल्याशिवाय पकडीत उतरू नये. ताप गेला म्हणजे खेळायला मोकळा, हा समज जीवघेणा ठरू शकतो.

वृषणाला मार बसून तासाभराने दुखणं ओसरलं नाही, तर लाजेपोटी लपवू नये. पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया लागते.

डोक्याला मार लागून मूल गोंधळलं, तेच ते विचारायला लागलं, ओकलं, त्याला दुहेरी दिसलं किंवा ते क्षणभर जरी बेशुद्ध झालं, तर त्या रात्री त्याचा सामना संपला. 'पाणी मारा, उठेल' हे थांबलं पाहिजे. झोप येत राहिली, ओकाऱ्या चालू राहिल्या, डोकेदुखी वाढत गेली तर १०८ ला फोन करा. मेंदूला पक्कं करण्याचा कोणताही व्यायाम जगात नाही. मान मजबूत असली तर हादरा थोडा कमी बसतो, इतकंच.

कानाचं पैलवानांना वेगळं सांगायला हवं. कोल्हापूर-सांगलीच्या तालमींत मोडलेला कान मानाने मिरवला जातो. कान रगडला जाऊन कूर्चेवर रक्त साठतं आणि कूर्चेचा रक्तपुरवठा तुटतो, म्हणून तो कायमचा आकसतो. कान फुगल्यावर दोन-तीन दिवसांत डॉक्टरांनी रक्त काढून दाबपट्टी बांधली तर कान वाचतो. मिरवायचा की वाचवायचा हे ज्याने त्याने ठरवावं, पण मोडलेल्या कानाच्या नळीत मळ अडकतो आणि काहींना ऐकायलाही कमी येतं, हे आधी माहीत असावं.

पक्कं अंग कशाने होतं

ओकिनावाच्या कराटेत दोघं समोरासमोर उभे राहून हातावर हात आपटतात, त्याला 'कोते किताए' म्हणतात. थायलंडचे मुष्टियोद्धे जड पिशवीवर नडगीने हजारो लाथा मारतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात लाठीचे वार झेलून मनगटं घट्ट होतात. आपल्या मल्लखांबात, जो पेशवाईच्या शेवटी बाळंभटदादा देवधरांनी नावारूपाला आणला, एरंडेल लावलेल्या लाकडाला मांड्या आणि दंड घासून कातडी आणि पकड दोन्ही तयार होतात. या सगळ्यांतून अंग बदलतं हे खरं आहे. पण काय बदलतं आणि कधी बदलतं, हे समजून घ्यायला हवं.

सगळ्यात आधी, दोन-चार आठवड्यांतच, दुखणं जाणवायचं कमी होतं. मेंदू त्या माराला सरावतो. इथे बहुतेक जण फसतात, कारण दुखत नाही म्हणजे हाड पक्कं झालं असं त्यांना वाटतं. त्यानंतर कातडी जाड होते. स्नायूला महिना-दोन महिने लागतात. हाड सर्वांत शेवटी. जर्मन शल्यविशारद युलियुस वोल्फ यांनी १८९२ मध्ये मांडलं की हाडावर जसा भार येतो तशी त्याची घडण बदलते. मात्र त्याचं जुनं काढून नवं भरण्याचं एक आवर्तन तीन-चार महिन्यांचं असतं, आणि त्यात जुनं आधी पोखरलं जातं. म्हणजे पहिले काही आठवडे हाड उलट किंचित कमजोर असतं. नेमक्या त्याच दिवसांत दुखणं कमी झालेलं असतं आणि मुलगा जोर वाढवतो. नडगीला बारीक चिरा पडतात त्या अशा.

काचेची बाटली किंवा लाटणं नडगीवर फिरवणं, झाडाच्या खोडाला लाथा मारणं, विटेवर मुठी आपटणं, हे सगळं सोडून द्यावं. बाटलीने हाडावरचं आवरण तेवढं सुजतं. हाडाला हवा असतो भार, आणि तो उड्या, धावणं, पायऱ्या आणि वजन उचलण्यातून सुरक्षितपणे मिळतो. मार झेलायला लागतो तो तटतटलेला स्नायू आणि योग्य क्षणी सोडलेला श्वास. पोटावर धडक येताना 'हुं' करून श्वास सोडला आणि पोट आवळलं, तर तोच मार अर्धाही जाणवत नाही. पडायलाही शिकावं लागतं. हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि सगळा भार एका मनगटावर न घेता हात आणि पाठीवर पसरवायचा. ज्यूदोच्या वर्गात पहिले काही आठवडे हेच शिकवतात. कबड्डीत ते कोणीच शिकवत नाही, आणि मनगटं, गळपट्टीची हाडं मोडतात ती म्हणूनच.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना आपटून अंग कडक करण्याचा कोणताही प्रकार करायला लावू नये. त्यांच्या हाडांच्या टोकांना वाढीची कूर्चा असते. ती दुखावली तर हाड आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. पट्ट्याच्या परीक्षेसाठी बारा वर्षांच्या मुलाकडून कौलं फोडून घेणारे वर्ग असतात. पालकांनी तिथे स्पष्ट नाही म्हणावं.

पावसाळ्यातले चार महिने

हे सगळं करायला आपल्याकडे निसर्गाने वेळ नेमून दिलेला आहे. जून ते सप्टेंबर मैदानं चिखलात असतात, सामने बंद. लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून राबणं हाच कंबरेचा आणि मांड्यांचा व्यायाम होतो, तेव्हा त्या आठवड्यांत वेगळं काही नको, झोप पुरी घ्यावी. बाकीच्या दिवसांत शाळेचा व्हरांडा किंवा समाजमंदिर पुरे.

आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून. सूर्यनमस्काराने अंग तापवावं. मग जोर आणि बैठका, जेवढ्या नीट जमतात त्याच्या निम्म्यापासून सुरुवात, आणि दर आठवड्याला दहातल्या एखाद्या हिश्श्याने वाढ. पहिल्याच दिवशी पैजेवर पाचशे बैठका मारू नयेत. स्नायू मोडून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडात अडकतात, लघवी कोकासारखी काळपट होते आणि मुलगा सलाईनवर जातो. असं झालं तर घरी पाणी पाजत बसू नये, रुग्णालय गाठावं.

त्यानंतर उड्या: जागच्या जागी, मग एका पायावर, मग पायरीवरून खाली. महिनाभराने थोड्या उंचीवरून. मांडीच्या मागच्या स्नायूसाठी गुडघ्यांवर बसून जोडीदाराने घोटे धरायचे आणि सरळ पाठीने सावकाश पुढे झुकत जायचं. या एका व्यायामाने फुटबॉलपटूंमधल्या त्या स्नायूच्या दुखापती जवळपास निम्म्यावर आल्याचं अनेक अभ्यासांत दिसलं आहे. चढाईपटूने तो सोडू नये. मानेसाठी कपाळाला तळहात लावून दाब आणि प्रतिदाब, चारही बाजूंनी.

लाथा-बुक्क्यांच्या सरावाला पिशवी हवी, ती घरीच होते. जाड गोणपाटाच्या दोन थरांत जुने कपडे आणि भाताचा तूस ठासून भरावा. पेण-रोह्यात तुसाला तोटा नाही. वाळू भरू नये, ती तळाशी बसून दगड होते आणि मनगट मोडते. पहिला महिना अर्ध्या जोराने, हाताला पट्टी गुंडाळून. ज्या दिवशी नडगी किंवा मूठ सकाळी उठल्यावरही दुखते, त्या दिवशी पिशवी नाही. हाडावर एका बोटाएवढ्या जागी नेमकी कळ येत राहिली तर तीन आठवडे उड्या आणि लाथा बंद, आणि डॉक्टरांकडे.

जेवणाचं फार अवघड नाही. रोज वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, म्हणजे ६० किलोच्या मुलाला ९० ग्रॅम. पावडरचा डबा विकत घेण्याआधी आपलं ताट बघावं: सुके बोंबील, जवळा, अंडी, डाळ, आणि आपल्याकडचे कडवे वाल, जे मोड आणून खाल्ले तर चविष्टही आणि पौष्टिकही. एक पेरू किंवा आवळा असावा, क जीवनसत्त्व कमी पडलं की रक्तवाहिन्या लवकर फुटतात. खेळणाऱ्या मुलींमध्ये रक्त कमी असण्याचं प्रमाण मोठं आहे. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासावं, कारण थकलेली मुलगी पकडीत उशिरा पोहोचते आणि तेव्हाच लागतं.

मैदानाची माती आणि पुन्हा उतरण्याची वेळ

शेणमातीने तयार केलेल्या मैदानात धनुर्वाताचे जंतू असतात. सरकारी लसीकरणात दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडीची लस आहे, त्यापुढे दर दहा वर्षांनी एक मात्रा घ्यायची. खरचटलेल्या जागी माती किंवा हळद दाबण्याऐवजी वाहत्या पाण्याने आणि साबणाने पाच मिनिटं धुवावं. पावसाळ्यात उघड्या जखमेने खाचरात उतरावं लागत असेल तर बूट घालावेत. लेप्टोचे जंतू त्याच वाटेने शिरतात.

परत कधी खेळायचं? दुखापत झालेला गुडघा दुसऱ्याइतका वाकतो का, त्या एका पायावर पाच बैठका होतात का, त्याच पायावर उडी मारून नीट थांबता येतं का, पळताना झटकन दिशा बदलली तर कळ येत नाही ना? चारही उत्तरं चांगली आली तर दोन दिवस पकडीशिवाय सराव, मग पकडीसह सराव, मग सामना. त्या मांडीवर फोमचा तुकडा बांधून उतरावं.

विश्रांतीचं मोल सांगायला आपल्याकडे खाशाबा जाधवांइतकं मोठं उदाहरण दुसरं नाही. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ कुस्ती खेळल्यावर त्यांना लगेचच सोव्हिएत पैलवान रशीद मामदबेकोवशी लढायला सांगण्यात आलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती देण्याचा नियम होता, पण त्यांची बाजू मांडायला भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. ते हरले आणि कांस्यपदकावर थांबले. आपल्या स्पर्धांत एकाच रात्री एका संघाला तीन सामने लागोपाठ येतात, तेव्हा बाजू मांडणारं कोणीतरी पोरांच्या मागे उभं असायला हवं. मंडळांनी कार्यक्रमपत्रिका ठरवताना दोन सामन्यांत किमान तासाभराचं अंतर ठेवावं आणि एका संघाला एका रात्री दोनांहून जास्त सामने देऊ नयेत. मैदानाशेजारी एका पेटीत बर्फ, चार क्रेप बँडेज, साबण, स्वच्छ पाण्याचा कॅन, हातमोजे, दोन फळ्या आणि त्रिकोणी पट्ट्या असाव्यात, आणि रात्रभर थांबेल अशी एक गाडी, जिच्या चालकाला पेणच्या रुग्णालयाचा रस्ता अंधारातही सापडेल.